वाचनालयाच्या भिंतीवर शरीराची जुनी चित्रे मांडताना

गावच्या वाचनालयात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मानवी शरीराच्या ऐतिहासिक चित्रांचे प्रदर्शन भरवायचे असेल, तर पाच-सहा चित्रे पुरेत. लंडनच्या वेलकम कलेक्शन या वैद्यकाच्या इतिहासाच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर अशी असंख्य चित्रे मिळतात. मात्र प्रत्येक चित्राखाली वापराच्या अटी दिलेल्या असतात, त्या आधी वाचाव्यात. ए३ आकाराच्या स्वच्छ छपाईसाठी चित्र किमान १७५४ बाय २४८० पिक्सेलचे असावे. तालुक्याला फ्लेक्स स्वस्तात निघतो, पण त्याच्या चमकीत बारीक रेषा हरवतात, म्हणून साधा जाड कागदच घ्यावा.

खरी मेहनत चित्राखालच्या टिपेवर घ्यावी. चित्र कोणी, केव्हा आणि कशावरून काढले, आणि त्यातले शरीर कोणाचे, एवढे तरी तिने सांगावे. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसच्या १५४३ साली बाझेल येथे छापलेल्या ग्रंथात फावड्यावर रेलून उभा असलेला सांगाडा आहे. आपल्याकडे तो पाहताच मुले शेतावरच्या माणसाची आठवण काढतील, आणि तिथूनच बोलणे सुरू करावे. प्राचीन वैद्य गॅलेनने प्राण्यांच्या विच्छेदनावरून मानवी खालचा जबडा दोन हाडांचा मानला होता. प्रौढ माणसात तो एकाच हाडाचा असतो, हे व्हेसालियसने प्रत्यक्ष पाहून दाखवले. त्याला मिळालेले देह बहुधा फाशी दिलेल्या गुन्हेगारांचे होते, हेही टिपेत लिहावे.

क्ष-किरणांचा शोध लावणाऱ्या रंटगेनने २२ डिसेंबर १८९५ रोजी घेतलेली पत्नीच्या हाताची क्ष-किरण प्रतिमा लावताना एक खुलासा आवश्यक आहे: त्या मूळ छापात हाडे गडद दिसतात, तर दवाखान्यातून मिळणाऱ्या फिल्मवर ती पांढरी असतात.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे चित्र विदर्भात वगळू नये. अमेरिकन डॉक्टर हेरिक यांनी १९१० साली शिकागोतील एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्यासारख्या पेशींचे वर्णन छायाचित्रांसह प्रसिद्ध केले. प्राणवायू कमी झाला की या पेशी वाकून ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हे दोन ओळींत सांगावे. पण रक्ततपासणीच्या अहवालातील एएस म्हणजे वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला, सहसा आजारी नसलेला) आणि एसएस म्हणजे रुग्ण (दोष दोन्ही पालकांकडून आलेला), हा फरक ठळक अक्षरांत लिहावा, नाहीतर भिंतीसमोर उभी असलेली वाहक मुलगी स्वतःला आजारी समजून घरी जाईल.

कुष्ठरोगाच्या चित्रांबाबत माझे मत अधिक कडक आहे. १८५८ च्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या शरीररचनेच्या ग्रंथाची चित्रे काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर पुढे मुंबईत आला आणि त्याने या रोगाचा अभ्यास केला. पण ज्या भागात दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन ही कुष्ठरुग्णांसाठीची सेवाकेंद्रे उभी राहिली, तिथे झडलेल्या बोटांचे चित्र पाहणाऱ्याच्या घरातलेही असू शकते. म्हणून ओळखू येणारा चेहरा लावू नये, बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होतो हे त्याच चौकटीत लिहावे, आणि मसुदा आधी गावच्या आशाताईंना व एखाद्या बऱ्या झालेल्या व्यक्तीला, तिची तयारी असेल तरच, वाचून दाखवावा. चित्रातील व्यक्तीचे नाव मिळत नसेल, तर ती जागा रिकामी न सोडता तिथे ‘नाव नोंदवलेले नाही’ असे लिहावे.