ती मटकी नाही! चिनी अळंबीच्या या चुका टाळा

दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोऊला नव्याने आलेल्या आपल्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो: "ताई, ती काळी वाळकी अळंबी रात्रभर भिजवायची ना?" नाही. ती मटकी नाही.

ही काळी अळंबी म्हणजे मू-अर, शब्दशः 'लाकडाचे कान'. चव जवळजवळ नाहीच, सगळी मजा कुरकुरीतपणात. घोळ पाकिटापासूनच सुरू होतो. वाळलेली दिसते एवढीशी, म्हणून माणूस मूठभर टाकतो आणि दोन तासांत पातेलं भरतं. मग उरलेली पाण्यासकट ओट्यावरच पडून राहते.

पहिल्या वर्षी मीही तेच केलं. जुलै महिना, अंगाला घामाच्या धारा. रात्री भिजवलेली सकाळी निम्मी वापरली, बाकीची दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कढईत टाकायला काढली. वास काही नाही, बोटांना जरा बुळबुळीत लागली इतकंच. आमची घरमालकीण आपो (इथे म्हाताऱ्या बाईला आपो म्हणतात) भाडं न्यायला आली होती. तिने पातेल्यात बोट घातलं, एक शब्द न बोलता सगळं कचऱ्याच्या पिशवीत ओतलं आणि पातेलं माझ्या हातात दिलं, घासायला. मी आपली म्हणतेय, "अहो, उकळून घेते ना!"

तिथेच तर फसायला होतं. उबेत फार वेळ भिजत पडलेल्या मू-अरमध्ये एक जिवाणू बाँगक्रेकिक ॲसिड नावाचं विष तयार करू शकतो. उकळल्यावर जिवाणू मरतो, विष तसंच राहतं. त्याला वास नाही, चव नाही आणि उतारा तर नाहीच. २०२० साली हेइलोंगजियांग प्रांतात घरी आंबवलेल्या मक्याच्या शेवया खाऊन एका पंगतीतले ९ जण याच विषाने गेले. पंगतीतल्या तीन मुलांना चव आवडली नव्हती, त्यांनी खाल्ल्या नाहीत, ती वाचली.

माझी पद्धत म्हणाल तर सहा-सात तुकडे मोजून घ्यायचे, गार पाण्यात फ्रिजमध्ये तीनेक तास, फोनवर गजर. भिजलं तेवढं त्याच दिवशी शिजवायचं. बुळबुळीत लागलं की फेकायचं, हळहळ करत बसायचं नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रोज वाटीभर मू-अर खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. चिनी वैद्य ती रक्त खेळतं ठेवायला देतात, आणि १९८० मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या डॉ. डेल हॅमरश्मिट यांनीही काळी अळंबी घातलेलं मापो तोफू (तोफूचा तिखट चिनी पदार्थ) खाल्ल्यावर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, एकमेकींना चिकटेनाशा होतात, असं नोंदवलं होतं.

आता पांढरी, म्हणजे यिन-अर. कोरड्या हवेत, सुका खोकला असला की सुकी चिनी लाल बोरं आणि खडीसाखर घालून तिचं गोड सूप करतात. तिने फुप्फुसाला ओलावा मिळतो असं चिनी वैद्यक मानतं. लोक ती वीस मिनिटं उकळतात आणि मग "रबर चावल्यासारखं लागतं हो" म्हणून मलाच ऐकवतात. अहो, दीड-दोन तास मंद आचेवर ठेवा, पेजेसारखी दाटसर, चिकट होईपर्यंत. देठाकडचा पिवळा कडक भाग आधी कापा, बाकीची हाताने बारीक चुरा. जितकी बारीक तितका चीक जास्त सुटतो. कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे सूप पीत नाही. गोजीची लाल सुकी फळं घालायची तर शेवटच्या दहा मिनिटांत, नाहीतर आंबट होतात. आणि दुकानात सगळ्यात पांढरीशुभ्र दिसते ती घेऊ नका, ती बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. चांगली यिन-अर सायीच्या रंगाची असते. पाकीट उघडल्यावर नाकाला झोंबलं तर परत करा.

लिंगझी नावाची औषधी अळंबी परतून खायला निघालेलेही भेटलेत. ते लाकूड आहे, कडूजहर. काप करून काढाच करायचा.

शिताके अळंबी कच्ची राहिली तर अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसं पुरळ येतं. नीट शिजवा, भिजवलेलं पाणी मात्र गाळून रश्शात घाला, ओतून देऊ नका.

आणि सुट्टीला गावी जाताना सासूबाईंसाठी कॉर्डिसेप्स (अळीवर उगवणारी महागडी औषधी बुरशी) घेणाऱ्यांनो, २०१६ मध्ये चीनच्याच औषध प्रशासनाने त्यात आर्सेनिक मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त सापडल्याचं सांगितलंय. शिवाय वजन वाढवायला कधीकधी आत तारेचे तुकडे खुपसलेले असतात. त्यापेक्षा चहा न्या.