मॉडेल मालगाडीच्या वाघिणीला कोणते सुटे भाग लावावेत?

मॉडेल रेल्वेच्या सुट्या भागांची यादी उघडली की शिड्या, कड्या, ब्रेकची चाकं, हवेचे होज, झडपा असे शेकडो बारीक भाग समोर येतात आणि सगळेच हवेसे वाटतात. त्यातले बरेचसे परदेशातून मागवावे लागतात. टपालखर्च धरला तर चार कड्यांचं पाकीटही महाग पडतं. म्हणून खरेदीआधी एकच कसोटी लावा: या भागामुळे वाघीण नीट चालणार आहे का, किंवा तो हातभर अंतरावरून दिसणार आहे का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तो भाग कितीही सुबक असो, राहू द्या.

सुरुवात खऱ्या वाघिणीपासून करा. बेळगावकरांना त्यासाठी लांब जायला नको. टिळकवाडीत दुसरं रेल्वे गेट पडलं की लोक वैतागतात, पण आपल्यासाठी ती पाच मिनिटं मोलाची असतात. मालगाडी हळू असेल तर एकेक डबा डोळ्यांखालून जातो. लोंढ्याकडं जाणं झालं तर मुरगाव बंदरातून आलेल्या कोळशाचे बॉक्सएन रेक, म्हणजे वरून उघड्या वाघिणींच्या अख्ख्या गाड्या, बघायला मिळतात. गेटच्या अलीकडंच थांबा, रुळांत उतरू नका. शिडी कुठल्या कोपऱ्यात आहे, हँडब्रेकचं चाक कुठं आहे, चौकटीखाली काय लोंबतंय, एवढं टिपून घ्या. वाघिणीवरचा अकरा आकडी नंबरही लिहून घ्या. त्यातला पाचवा आणि सहावा आकडा मिळून बांधणीचं साल कळतं, म्हणजे तुमच्या मॉडेलचा काळ तिथंच ठरला. आपल्या मिरज-लोंढा मार्गावर नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेज होतं. तो काळ उभा करायचा असेल तर आजच्या बॉक्सएनचे भाग काही कामाचे नाहीत.

आता खरेदी. पहिला पैसा चाकांवर आणि कपलरवर, म्हणजे दोन डबे जोडणाऱ्या आकड्यावर, घाला. शिडी नसलेली वाघीण चालते, पण वळणावर घसरणारी वाघीण कुणाला दाखवता येत नाही.

एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात बॉक्सएनची लांबी, कपलर धरून १०,७१३ मिमी, साधारण १२३ मिमी भरते. तिचं १००० मिमी व्यासाचं चाक ११.५ मिमी होतं. अमेरिकन मॉडेलांत बहुधा ३३ इंची चाक असतं, ते या प्रमाणात जेमतेम ९.६ मिमी. अमेरिकन ट्रॉली (तळाखालची चाकांची चौकट) वापरून आपली वाघीण बनवणार असाल तर निदान ३६ इंची, म्हणजे १०.५ मिमीची धातूची चाकं घ्या. मात्र चाकाचा व्यास ०.९ मिमीनं वाढला की वाघीण ०.४५ मिमीनं वर उचलली जाते. मग कपलरची उंची पुन्हा मोजावीच लागते. रुळाच्या माथ्यापासून कपलरचा मध्य ९.९ मिमीवर हवा. त्यासाठीचं उंचीमापक विकत मिळतं आणि माझ्या मते ते कुठल्याही शोभेच्या भागाआधी घ्यावं.

कपलरच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं. भारतीय वाघिणींचा मधला कपलर अमेरिकन नमुन्यावरच बेतलेला आहे, त्यामुळे केडी या अमेरिकन कंपनीचे मॉडेल कपलर आपल्या वाघिणीवर शोभतात. त्यांच्या पाच नंबरचं डोकं जरा मोठं दिसतं, अठ्ठावन्न नंबरचं प्रमाणाच्या जवळ जातं, आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणून सगळे एकदम बदलायची गरज नाही.

वजनही आताच बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेचा एचओसाठीचा हिशेब सोपा आहे: आधी २८ ग्रॅम, मग लांबीच्या दर इंचामागे १४ ग्रॅम. आपल्या १२३ मिमीच्या वाघिणीला साधारण ९७ ग्रॅम लागतात. भरलेल्या वाघिणीत शिशाचे तुकडे कोळशाखाली लपतात. रिकामी उघडी वाघीण करायची असेल तर ते तळाखाली मधल्या तुळईलगत चिकटवावे लागतात, म्हणून तिथं भाग लावण्याआधी जागा राखून ठेवा.

यानंतर कड्या आणि शिड्या. हातभर अंतरावरून सर्वात जास्त फरक यांनीच पडतो, कारण सुट्या कडीची सावली भिंतीवर पडते आणि साच्यातून आलेल्या जाड कडीची पडत नाही. कड्या विकत घ्यायची गरज नाही. उद्यमबागच्या कारखान्यांचं गाव आपलं, मोटर वाइंडिंगची तार मिळवायला अडचण कसली? ३० गेजची तार सुमारे ०.३ मिमी जाड असते, कडीला अगदी योग्य. साच्यातली कडी धारदार पात्यानं खरवडून काढा, ०.४ मिमीच्या ड्रिलनं भोकं पाडा. पत्र्याची एक पट्टी हव्या त्या रुंदीची कापून तिच्याभोवती तार वाकवली की सगळ्या कड्या सारख्या निघतात. रंगवण्याआधी तारेवरचं इनॅमल बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्या. शिड्या मात्र तयारच घ्या; हातानं केलेल्या शिडीच्या पायऱ्या समांतर येणं फार अवघड.

टोकाला हवेचा होज लावा, लहान असला तरी नजर तिथं जाते. ब्रेकपाइपच्या कॉकला हिरवा रंग, फीडपाइप (हवेचा दुसरा पाइप) असेल तर त्याला पांढरा. तळाखालचं मात्र आवरतं घ्या. ब्रेकचा सिलिंडर आणि चौकटीच्या खाली लोंबणारे दांडे बाजूनं दिसतात, तेवढे पुरेत. आतून धावणारी पाइपांची जाळी गाडी उलटी केल्याशिवाय दिसत नाही.

अमेरिकन मालडबा असेल तर त्याचे नियम त्याचेच. त्याचं ब्रेकचं चाक टोकाच्या भिंतीवर असतं, आपल्या बॉक्सएनचं बाजूला, जमिनीवरून फिरवता येईल असं. अमेरिकेत १९६६ नंतर बांधलेल्या बंद डब्यांच्या छतावर चालायची फळी नसते, तेव्हा नव्या डब्यावर ती चढवू नका.

पूर्ण रेक करायचा असेल तर सगळा साज पहिल्या-शेवटच्या दोन-तीन वाघिणींना द्या. मधल्यांना चाकं, कपलर, वजन आणि कड्या बास. गार्डाच्या डब्याला मात्र कमी करू नका, मागं ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी हवीच.

एक वाघीण पुरी झाली की लगेच बाकीच्यांचे भाग मागवू नका. तिला तुमच्या सर्वात आवळ वळणावरून पुढं-मागं, ओढत आणि ढकलत फिरवा. होज कपलरला अडतो का, मोठं चाक तळाला घासतं का, हे तिथं कळतं. अडलं तर होज थोडा बाजूला सरकवा, चाक घासत असेल तर ट्रॉली आणि तळ यांच्यामध्ये पातळ वॉशर घाला आणि कपलरची उंची पुन्हा मोजा. मगच पुढची ऑर्डर द्या.