पीआरआयवर सलग सहा चॅनल मिळवताना

२००७ साली नोकरीला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. नरिमन पॉइंटच्या एका ऑफिसात व्हिडिओ कॉन्फरन्सचा कॉल लागत नव्हता, म्हणून मला पाठवलं. ऑफिसची लाइन पीआरआय, म्हणजे एकाच जोडणीवर ३० चॅनल देणारी डिजिटल टेलिफोन लाइन. कॉल ३८४ केबीपीएसचा, म्हणजे ६४चे सहा चॅनल एकत्र. ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजच्या, स्क्रीनवर ३० पैकी २१ चॅनल मोकळे दिसत होते आणि तरी दर वेळी कॉज (कॉल का लागला नाही ते सांगणारा कोड) ३४, म्हणजे चॅनल उपलब्ध नाही. मी बीएनसी कनेक्टर बदलले, कार्ड काढून पुन्हा बसवलं, लाइनच खराब आहे म्हणून टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजशी फोनवर वाद घातला. दोन दिवस गेले. दुसऱ्या रात्री सीएसटीला डोंबिवलीच्या गाडीत बसले तेव्हा डोळे भरून आले होते. हे काम आपल्याला झेपणारं नाही, असंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी आमचे एक सीनियर आले. त्यांनी कशालाच हात लावला नाही. चौकटीच्या कागदावर ३० घरं आखली, चालू असलेल्या नऊ कॉलच्या घरांवर फुल्या मारल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. "अगं, मोकळे किती ते नको सांगूस. सलग किती आहेत ते बघ."

सलग सहा कुठेच नव्हते.

दादरच्या शिवाजी मंदिरात तिकीट खिडकीवरचा प्लॅन आठवा. एकवीस खुर्च्या शिल्लक असतात, पण घरातल्या सहा जणांना शेजारी-शेजारी बसायचं असेल तर एकही रांग सापडत नाही. इथेही तेच होतं: या कॉलला सहा चॅनल शेजारी-शेजारीच लागत होते. शिवाय चालू कॉलला मधेच एका टाइमस्लॉटवरून (लाइनमधल्या चॅनलच्या ठरलेल्या जागेवरून) उठवून दुसऱ्यावर बसवता येत नाही. बरीच एक्स्चेंजेस सहाचा गट ठरलेल्या जागीच सुरू करतात: १ ते ६, ७ ते १२, मधला १६ (तो सिग्नलिंगसाठी राखीव) सोडून १३ ते १९, मग २० ते २५ आणि २६ ते ३१. गटातला एक चॅनल जरी साध्या बोलण्यात अडकला तरी तो अख्खा गट गेला. काही ठिकाणी गट कुठूनही सुरू होतो, पण सलगपणाची अट राहतेच. विखुरलेले सहा चालवून घेणारी यंत्रणाही असते. मात्र दोन्ही टोकांना तशी सोय हवी.

त्या रात्री मी घरी स्वतः घरं आखून बसले. टाइमस्लॉट ३, ९, १५, २२ आणि २८ यांवर फक्त पाच कॉल ठेवले. पंचवीस मोकळे राहिले आणि सलग सहा एकदाही मिळाले नाहीत. तुम्हीही हे एकदा पेन्सिलीने करून बघा. वाचून समजल्यासारखं वाटतं, पण ते साइटवर टिकत नाही.

मूळ दोष सेटिंगमध्ये होता. व्हॉइसचं हंटिंग, म्हणजे मोकळा चॅनल शोधायची पद्धत, सायक्लिक ठेवलेलं, त्यामुळे प्रत्येक नवा कॉल पुढच्या चॅनलवर जायचा आणि दिवसभरात सगळीकडे विखुरलेले कॉल बसायचे. चॅनल सारखे वापरले जावेत म्हणून तसं करतात म्हणे. मला ते अजिबात पटत नाही. टाइमस्लॉट काही झिजत नाही. हंटिंग लिनियर ठेवा, खालून वर. कॉल संपून खाली पडलेली भोकं आधी भरतात आणि वरचं टोक मोकळं राहतं. मग डेटा कॉल, म्हणजे व्हिडिओचा हा सहा चॅनलचा कॉल, वरून खाली शोधायला लावा.

इथे अजून एक गोम आहे. येणाऱ्या कॉलचा चॅनल बहुतेक वेळा एक्स्चेंज ठरवतं. एकच चॅनल दोघांनी एकाच वेळी धरू नये, म्हणजे ग्लेअर होऊ नये, म्हणून ते वरून खाली येतं. अगदी तुम्ही राखलेल्या टोकावर! त्यामुळे त्यांची दिशा लेखी विचारून घ्या, फोनवरच्या "हो हो" वर विसंबू नका. दोन पीआरआय असतील तर सरळ एक डेटासाठी ठेवा. एकच असेल तर २६ ते ३१ व्हॉइसच्या गटातून काढा, आणि एक्स्चेंजलाही तेवढेच सोडायला सांगा. आकड्यांची सवयही आधीच लावून घ्या: काही स्क्रीनवर चॅनल १ ते ३० असे दिसतात, म्हणजे स्क्रीनवरचा १६ हा टाइमस्लॉट १७ असतो.

बाँडिंगचा सोपा मार्ग आहेच. सहा वेगळे ६४चे कॉल लावायचे आणि दोन्ही टोकांच्या यंत्रांनी उशीर जुळवून ते एक करायचे. विखुरलेल्या चॅनलवरही चालतं. पण कॉल लागायला वेळ लागतो, आणि सुरुवातीलाच त्याची सवय लागली तर चॅनलचा हिशेब तुम्ही कधीच शिकणार नाही. तुमच्या हातातून लॅपटॉप घेऊन दोन मिनिटांत काम उरकणारा सीनियरही तसाच. कागद पुढे सरकवणारा शोधा.

कॉज कोड नीट वाचा, बाकी घाबरू नका. ३४ आला तर केबलला हात लावू नका. लाइन खराब असती तर व्हॉइसही बंद पडला असता. ४४ म्हणजे तुम्ही मागितलेला नेमका चॅनल मिळत नाही, तेव्हा ग्लेअर किंवा आकड्यांतली तफावत तपासा. ५७ किंवा ६५ आला तर प्रश्न चॅनलचा नाहीच, त्या प्रकारच्या कॉलला परवानगी किंवा सोयच नाही. अशा वेळी कितीही चॅनल मोकळे केले तरी उपयोग होत नाही.

सेटिंग बदलल्यावर मी मुद्दाम ऑफिस गजबजलेलं असताना, सकाळी अकराला, कॉल लावून बघितला. २६ ते ३१ एकदम व्यस्त झाले आणि पलीकडच्या खोलीतला टेबलावरचा पाण्याचा जग पडद्यावर स्वच्छ दिसला.