बॅटलफील्डवर वरच्या फळीचा मोह टाळा

सदाशिव पेठेतल्या आमच्या दीड खोलीत रविवारी स्मॅश ब्रदर्स हा मारामारीचा व्हिडिओ गेम रंगतो. मावसभाऊ हट्टाने बॅटलफील्डच लावतो. या गेमच्या 2001 च्या ‘मेली’ भागापासून चालत आलेलं मैदान: खाली सपाट जमीन, वर तीन फळ्या, दोन बाजूंना आणि एक मधोमध उंच.

नवखा घाबरला की उंच फळीवर जाऊन बसतो. मग खालचा गडी आरामात टोले देतो. तिथून निसटायला स्टिक झटकन खाली दाबा, फळीतून आरपार उतराल. उतरता उतरता हवेतच फटका हाणा. मी हे तासभर घोटलं, अंगठ्याला फोड आला. (आई म्हणाली, अभ्यासाने कधी येत नाही.)

‘अल्टिमेट’ या भागात मैदानाच्या कडेला लोंबकळणं मात्र महागात पडतं: जमिनीला पाय न लावता परत कड धरली, तर क्षणभर मार न लागण्याचं कवच दुसऱ्यांदा मिळत नाही.