नाशकात जुना वाडा विकत घेताना
पंचवटीतला किंवा जुन्या नाशकातला वाडा कितीही आवडला, तरी इसार देण्याआधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डचा) ताजा उतारा काढा. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, लग्न झालेल्या मुलींच्यासुद्धा. एक जरी राहिली तरी पुढे दावा उभा राहतो. सोबत 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध, आणि भाडेकरूंची यादी. गोदाकाठी असेल तर निळ्या पूररेषेत, म्हणजे वारंवार पुराखाली जाणाऱ्या पट्ट्यात, येतो का, हे महापालिकेत विचारा.

मग लाकूड. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं, कारण तिथली ओल सुकत नाही. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला, तर दुरुस्तीचा खर्च भावातून वळता करा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढायलाच हवा: ओल आत कोंडते आणि विटांचा भुगा होतो.