सावळ्या चेहऱ्याचं आत्मचित्र, जांभ्याच्या रंगात

दुकानात ‘स्किन कलर’ म्हणून मिळणारी ट्यूब गुलाबीसर असते. आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांना ती जुळत नाही, आणि शाळेपासून तीच हाती आल्यामुळे कितीतरी पोरांना आपलाच रंग चुकीचा वाटू लागतो. ती बाजूला ठेवा.

मूळ रंग अंगणातच आहे. जांभा म्हणजे कोकणात घरं बांधायला वापरतात तो लाल दगड. त्याचा लाल लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणून उन्हात विटत नाही. चिऱ्याचे, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडाचे, तुकडे कुटून सुती कापडातून चाळा. वाटीभर पूड ४ वाट्या पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाची रेती टाकून द्या. ती राहिली तर कागद ओरखडतो. ओतलेलं पाणी रात्रभर निवळू द्या, वरचं काढून टाका, गाळ वाळवा.

१ भाग बाभळीचा डिंक २ भाग गरम पाण्यात विरघळवून गाळा. २ चमचे पुडीत १ चमचा हे पाणी आणि बुरशी धरू नये म्हणून लवंग तेलाचा थेंब घालून काचेवर घोटा. वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला, भेगा गेल्या तर जास्त झाला.

सुरुवातीला जांभा ४ भाग, यलो ऑकर (मातकट पिवळा) २, अल्ट्रामरीन (गडद निळा) १ घ्या. पट्टी रंगवून, वाळल्यावर मनगटाशी धरून बघा. ओला रंग फसवतो. गडद हवा तर अल्ट्रामरीन वाढवा. उजळ करायला आधी ऑकर घाला. पांढरा जास्त झाला की त्वचा राखेसारखी दिसते. खिडकीचा उजेड कपाळावर निळसर पडतो, तो तसाच निळसर लावा.

सावलीत नुसता काळा भरला की चेहरा सपाट होतो. अमेरिकन चित्रकार केरी जेम्स मार्शल माणसं मुद्दाम काळीकुट्ट रंगवतात, पण त्यांचा काळा एका ट्यूबमधला नसतो. काजळीचा, लोहाचा आणि जाळलेल्या हाडांचा असे तीन काळे ते वापरतात, त्यांत निळा, हिरवा, जांभळा मिसळतात. म्हणूनच त्या काळ्यात खोली येते.

आरशासमोर एका बैठकीला अर्धा तास पुरे. स्वतःकडे बघणं जड जाऊ लागलं तर चेहरा सोडून हात रंगवा. उदासी दोन आठवडे हटली नाही तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा; मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. पावसाळ्यात चित्र पूर्ण वाळल्याशिवाय काचेत बसवू नका, आणि बसवताना काच रंगाला टेकू देऊ नका, डिंक चिकटतो.