खोडरबर वापरताना या चुका टाळा

एलिमेंटरीची परीक्षा जवळ आली की चित्रकलेच्या वर्गात मला दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. "सर, रबर चांगला नाही, कागद फाटला!" रबर हातात घेऊन पाहावा, तर बहुतेक वेळा तो चांगलाच असतो. खोडायची पद्धत चुकलेली असते.

पेन्सिलीचं शिसं म्हणजे खरं तर ग्राफाइट आणि चिकणमाती. रेघ ओढली की ग्राफाइटचे बारीक पापुद्रे कागदाच्या तंतूंमध्ये अडकतात, शाईसारखे मुरत नाहीत. रबर फिरवला की ते तंतूंपासून सुटून रबराला चिकटतात. मग तो काळा थर वळून चुऱ्याच्या रूपाने गळतो आणि खालचा स्वच्छ रबर उघडा पडतो. म्हणून चुरा पडला की मुलांना रागावू नका, रबर तेव्हाच नीट काम करत असतो.

सगळ्यात वाईट सवय थुंकी लावून खोडण्याची. ओलाव्याने कागदाच्या तंतूंची एकमेकांवरची पकड सैल होते आणि त्यावर घासलं की लगदा निघतो. भोक पडतं ते इथेच.

काळा पडलेला रबर तसाच चालवला तर आधीचं ग्राफाइट नव्या जागी फासलं जातं. आधी रद्दी कागदावर चार वेळा घासा, पांढरा भाग वर आला की मग चित्राला लावा. चुरा हाताने झटकू नका, तळव्याचा घाम आणि ग्राफाइट मिळून डाग पसरतो. मऊ ब्रश ठेवा.

खोडूनही रेघ दिसते? मग ती दाबून काढलेली आहे. ग्राफाइट निघालं तरी कागदात चर उरते आणि ती कुठलाही रबर भरून काढू शकत नाही. २एचसारख्या कडक पेन्सिलीने हे हमखास होतं. कच्चं रेखाटन एचबीने, हलक्या हाताने करा.

शाई खोडायच्या रबरात कागद खरवडणारी बारीक पूड असते. तो चित्राच्या कागदावर नकोच.

कंपासपेटीत रबर पट्टीला चिकटून बसतो, हेही अनेकांना कोडं वाटतं. पांढरे रबर बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असतात. ते मऊ राहावेत म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू शेजारच्या प्लॅस्टिकमध्ये उतरतं आणि ते विरघळवतं. रबरावरचं कागदी वेष्टण त्यासाठीच असतं, ते फाडून फेकू नका.

जुना, कडक झालेला रबर मात्र खरोखर बिघडलेला असतो. १७७० मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टलीने रबराने पेन्सिलीच्या खुणा पुसता येतात अशी नोंद केली, त्याआधी लोक पावाचा गाभा वापरत. पण कच्चा रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचा. १८३९ मध्ये अमेरिकन संशोधक चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेने तो टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. तरीही हवा आणि ऊन लागून रबर आजही कडक होतोच. वरचा थर पॉलिशपेपरवर घासून काढा, आत मऊ लागला तर वापरा, नाहीतर नवा घ्या.

६बीसारख्या मऊ पेन्सिलीच्या गडद छटेवर रबर घासलात तर काळा पट्टा उमटेल. तिथे पुट्टी रबर, म्हणजे कणकेसारखा मऊ रबर, मळून नुसता दाबायचा आणि उचलायचा. छटा हवी तेवढीच फिकी होते.